नव्या लॅपटॉपवर काय टाकायचं: प्रकल्प नोंदी

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

नवा लॅपटॉप काल घरात आला. जुना डेस्कटॉप अजून चालतो, पण १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपला. त्या मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, त्यामुळे विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे बसत नाही. सुरक्षा अपडेटची वर्षभराची वाढीव मुदत मिळते, ती घेऊन ठेवली आहे. तेवढ्या काळात सगळं सावकाश हलवायचं आहे.

नव्याला हात लावण्याआधी जुन्यावर काय साठलंय ते मोजलं. इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमच्या यादीत ११४ नावं निघाली. ड्रायव्हर आणि त्यांच्यासोबत आपोआप आलेले तुकडे वगळले तर ७१. प्रत्येकापुढे शेवटचं कधी उघडलं ते आठवून लिहिलं. गेल्या तीन महिन्यांत उघडलेले १७. व्हिडिओचं रूपांतर करणारे तीन, पीडीएफची पानं तोडणारे दोन, आणि चार वर्षांपूर्वी टाकून दिलेल्या प्रिंटरचा अख्खा संच. यातला प्रत्येक प्रोग्रॅम कुठल्यातरी एका दुपारच्या अडचणीसाठी आला आणि राहून गेला.

दुसरी गोष्ट मनाला लागली. सहा वर्षं मी घरातल्या सगळ्या नोंदी एका टिपणवहीच्या प्रोग्रॅममध्ये ठेवत होते: आईच्या औषधांच्या वेळा, घराच्या कागदपत्रांचे तपशील, बाबा शेवटी आजारी होते त्या काळातली डॉक्टरांची बोलणी. ती कंपनी बंद झाली आहे. प्रोग्रॅम अजून उघडतो, पण नव्या मशीनवर तो चालू करायला लागणारी नोंदणी आता होत नाही. सगळ्या नोंदी एकदम बाहेर काढायची सोयच नाही, एकेक पान उघडून साठवावं लागतं. ३४० नोंदी आहेत, आज ६० झाल्या. फाइल माझ्या डिस्कवर आहे, मजकूर माझा आहे, आणि जुनं मशीन बंद पडलं तर मलाच तो वाचता येणार नाही.

या वेळी प्रत्येक प्रोग्रॅम टाकताना इथे तारीख घालून लिहिणार. दादानेही सांगितलंय, "जे ठरेल त्याची यादी दे, माझ्याही मशीनवर तेच टाकतो."

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज काहीच टाकलं नाही, फक्त नियम ठरवले. काम आधी, सॉफ्टवेअर नंतर. जोपर्यंत एखादं काम खरोखर अडत नाही तोपर्यंत डाउनलोड नाही. अडलं, तर आधी बघायचं की विंडोजमध्ये असलेल्या गोष्टीने भागतंय का. नाहीच भागलं, तर तो प्रोग्रॅम फाइल कुठल्या प्रकारात साठवतो ते सगळ्यात आधी तपासायचं. ती फाइल दुसऱ्या कुणाच्या प्रोग्रॅममध्ये उघडते का? गडावर चढून परतीचे दोर कापणं लढाईत ठीक असेल, आपल्या कागदपत्रांच्या बाबतीत ते दोर शाबूतच हवेत. त्यानंतर बाकीचं: बनवणारे कोण आहेत, शेवटची आवृत्ती कधी आली, मशीन सुरू होताना तो आपणहून चालू होतो का.

फुकट की विकत, हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. ती टिपणवही मी विकतच घेतली होती.

मशीनबरोबर आलेली दोन कामं मात्र उरकली. डिस्क आधीच एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होऊन आली आहे, म्हणून तिची ४८ अंकी रिकव्हरी की दोन कागदांवर लिहून दोन जागी ठेवली. मदरबोर्ड बदलला किंवा बायॉसमध्ये काही हाललं तर मशीन हीच की मागतं, आणि ती नसेल तर डिस्कवरचं सगळं गेलं म्हणून समजायचं. दुसरं, आधीपासून भरलेला एक अँटिव्हायरस काढून टाकला, तो महिनाभर चालून मग पैसे मागणार होता. तो जाताच विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू झाला. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवून सुरक्षा दुप्पट होत नाही. एक आला की डिफेंडर मागे सरतो, एवढंच होतं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

ब्राउझर आणि पासवर्ड.

ब्राउझर आलेलाच असतो, त्यामुळे नियमाप्रमाणे वेगळा लागायला नको. पण आईसाठी जाहिराती अडवणं ही माझ्या मते सुरक्षेची बाब आहे. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडला" असं ओरडणाऱ्या खिडक्या तिला खऱ्या वाटतात. युब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेंशन रेमंड हिल यांनी २०१४ मध्ये सुरू केलं. क्रोममध्ये एक्स्टेंशनचे नियम बदलल्यापासून ते पूर्ण रूपात चालत नाही, फायरफॉक्समध्ये चालतं. म्हणून फायरफॉक्स. एक्स्टेंशन हेच एक, कारण प्रत्येक एक्स्टेंशन म्हणजे आपण उघडलेली पानं वाचायची परवानगी असलेला आणखी एक पाहुणा.

पासवर्डसाठी कीपासएक्ससी. यात सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये राहतात. ती फाइल आपल्याच डिस्कवर असते आणि तिचा प्रकार उघड आहे, त्यामुळे तोच प्रकार वाचणारे दुसऱ्यांचे प्रोग्रॅम आहेत, फोनवरचेही. परतीचे दोर इथे सगळ्यात मजबूत दिसले. जुन्या ब्राउझरमधून ८६ पासवर्ड एका सीएसव्ही फाइलमध्ये काढले आणि आत घेतले. ही सीएसव्ही साध्या अक्षरांत असते, कुणीही नोटपॅडमध्ये वाचू शकतं. म्हणून काम झाल्याबरोबर शिफ्ट दाबून कायमची पुसली, रिसायकल बिनमध्येही राहू दिली नाही. ८६ पैकी २३ ठिकाणी एकच पासवर्ड होता. ते रोज पाच याप्रमाणे बदलणार.

मुख्य पासवर्ड म्हणून एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत घेतले.

आई म्हणाली, "अगं, म्हणजे मला एकच लक्षात ठेवायचाय ना?"

"एकच. पण आहे तसाच्या तसा."

तिने तो लिहून पासबुकांच्या पिशवीत ठेवला. कागदावर पासवर्ड नको असं सगळे सांगतात, पण घरातल्या कपाटातल्या कागदापर्यंत इंटरनेटवरचा चोर पोहोचत नाही. मला काही झालं तर तिला ती फाइल उघडता आली पाहिजे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज थोडक्यात वाचले. जुन्या मशीनवरच्या फोटोंच्या काही गठड्या सेव्हन-झेड या दाबून बांधलेल्या प्रकारात आहेत. विंडोज ११ आता त्या आपणच उघडतं, पण यातल्या दोन पासवर्डने बंद केलेल्या आहेत आणि त्यांच्यासाठी सेव्हन-झिप लागलं. इगोर पाव्हलोव्ह यांनी १९९९ मध्ये आणलेला हा प्रोग्रॅम मी वर्षानुवर्षं वापरते आहे, त्यामुळे नाव शोधलं आणि निकालात सगळ्यात वर आलेल्या दुव्यावर गेले. पान अगदी ओळखीचं दिसत होतं. फाइल उतरली तेव्हा कोपऱ्यातला आकडा दिसला: ४३ एमबी. सेव्हन-झिपचा इन्स्टॉलर दीड एमबीच्या आसपास असतो. पत्ता नीट बघितला तर नावात एक अक्षर जास्तीचं होतं आणि निकालाच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं होतं. फाइल न उघडता पुसली, डिफेंडरने पूर्ण तपासणी केली, काही निघालं नाही.

इथून पुढे शोधून डाउनलोड बंद. विंडोज ११ मध्ये विनगेट नावाची सोय असते. टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची काळी खिडकी, उघडून विनगेट, इन्स्टॉल आणि प्रोग्रॅमचं नाव लिहिलं की तो अधिकृत ठिकाणाहून फाइल आणतो, ठरलेल्या एसएचए-२५६ बेरजेशी ताडून बघतो आणि मगच बसवतो. ही बेरीज म्हणजे फाइलचा ६४ अक्षरी ठसा. फाइलमधला एक बिट बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. काळ्या खिडकीत टाइप करायची मला सवय नव्हती. पण त्या खिडकीत जाहिरात नसते, खोटं बटण नसतं. फक्त एकाच्या नावाशी मिळतीजुळती दोन-तीन नावं आली तर बनवणाऱ्याचं नाव वाचून निवडायचं.

सेव्हन-झिप तसं आणलं. बसवताना विंडोजची परवानगीची खिडकी पिवळी आली: प्रकाशक अज्ञात. सेव्हन-झिपच्या इन्स्टॉलरवर डिजिटल सही नसते, म्हणून असं दिसतं. सही असली की सगळं ठीक आणि नसली की धोका, असा सरळ हिशोब नाही. ठसा जुळला होता, म्हणून पुढे गेले.

रविवार, ९ नोव्हेंबर

लिहिण्यासाठी लिब्रे ऑफिस. २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळं होऊन ते सुरू झालं. त्याची मूळ फाइल ओडीटी, आणि हा प्रकार २००६ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मानक आहे. हे नुसतं वाचून समाधान झालं नाही, म्हणून एक प्रयोग केला. दोन ओळींचं पत्र लिहून साठवलं आणि ती फाइल सेव्हन-झिपने उघडली. उघडली! ओडीटी ही खरं म्हणजे झिप केलेली पिशवीच आहे. आत 'कंटेंट' नावाची एक्सएमएल फाइल, ती नोटपॅडमध्ये टाकली, आणि खुणांच्या गर्दीत माझ्या दोन ओळी स्वच्छ मराठीत समोर. उद्या लिब्रे ऑफिस जगातून नाहीसं झालं तरी माझं पत्र मी नोटपॅडमध्ये वाचू शकेन. परवाच्या त्या टिपणवहीच्या फाइलवर हाच प्रयोग केला, तर नुसत्या चौकटी आणि चिन्हं.

मराठीसाठी एक गोष्ट करावी लागते. लिब्रे ऑफिसच्या पर्यायांत भाषेच्या विभागात जाऊन 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करायचं आणि तिथे मराठी निवडायची. फाँटही त्याच नावाच्या रकान्यात वेगळा ठरवायचा. नाहीतर आपण वरच्या पट्टीतून फाँट बदलत बसतो आणि देवनागरी जिथल्या तिथे राहते. मी नोटो सॅन्स देवनागरी घेतला, कारण त्यात ऱ्य, ॲ, ळ सगळं नीट उमटतं.

टायपिंगसाठी जुन्यावर एक वेगळा प्रोग्रॅम होता, तो इथे नको. विंडोजमध्ये इन्स्क्रिप्टही आहे आणि २०१९ पासून उच्चाराप्रमाणे टाइप करायचा मराठी कळफलकही. आईसाठी दुसरा चालू केला.

बुधवार, १२ नोव्हेंबर

दादाचा फोन: "क्लीनर टाकलास का?" नाही, आणि टाकणार नाही. २०१७ मध्ये मशीन साफ करणाऱ्या सीक्लीनरच्या ५.३३ आवृत्तीतच घातक कोड घुसवला गेला होता आणि ती सुमारे २२.७ लाख कॉम्प्युटरवर गेली होती. अधिकृत ठिकाणाहून, सहीसकट. तात्पुरत्या फाइल पुसायला विंडोजमधलं स्टोरेज सेन्स पुरतं आणि रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही) साफ करून मशीन पळायला लागतं हा समज आहे. ज्या प्रोग्रॅमला मशीनच्या प्रत्येक कोपऱ्यात हात घालायचा अधिकार लागतो, तो फार मोठ्या कारणाशिवाय घ्यायचा नाही.

एव्हरीथिंग मात्र घेतलं. फोटो हलवताना फाइल नावाने शोधायला विंडोज फार वेळ लावत होतं. हा चिमुकला प्रोग्रॅम डिस्कची स्वतःची नोंदवही थेट वाचतो, त्यामुळे अक्षर टाइप करता करता यादी समोर येते.

टिपणवहीच्या नोंदी: २१५ झाल्या.

शनिवार, १५ नोव्हेंबर

बाबांच्या आठवणी. हे सगळं सुरू करताना मनात हेच होतं, आणि हेच मी पुढे ढकलत होते.

२००१ ते २००९ या काळात बाबांनी रोज थोडं थोडं टाइप केलं. १४ फाइल, २१२ पानं. नव्या मशीनवर पहिली फाइल उघडली तर मराठीचं एक अक्षर नाही. रोमन अक्षरं, कंस, आकडे, टिंबं. हे होणार हे माहीत होतं, तरी पोटात गोळा आला.

कारण असं. त्यांनी वापरलेला फाँट युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचा आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, बहुतेकांना १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून. देवनागरीच्या मुख्य गटासाठी १२८ जागा राखून ठेवल्या आहेत. जुन्या फाँटमध्ये मात्र कॉम्प्युटरच्या लेखी मजकूर रोमन अक्षरांचाच असतो. फाँट फक्त त्या रोमन अक्षराच्या जागी 'क'चं चित्र दाखवतो. फाँट गेला की चित्र गेलं. जुन्या मशीनवरून फाँटची फाइल आणून बसवली आणि बाबांचं पान पुन्हा दिसायला लागलं. पण 'शाळा' शोधलं तर शून्य. पहिल्याच ओळीत शाळा आहे.

ऑनलाइन रूपांतर करून देणारी ठिकाणं आहेत. तिथे हा मजकूर चिकटवायचा नाही हे लगेच ठरवलं. यात माणसांची नावं आहेत, आजार आहेत, भांडणं आहेत. बाबांनी हे आमच्यासाठी लिहिलं. म्हणून पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा बसवली आणि कॉलेजात शिकलेलं थोडंफार आठवत रूपांतराचा तक्ता करायला घेतला.

रविवार, १६ नोव्हेंबर

दिवसभर तक्ता. एका बाजूला जुन्या फाँटची खूण, दुसऱ्या बाजूला युनिकोड अक्षर. वाटलं होतं ५०-६० ओळी होतील, झाल्या १८७.

पहिली अडचण काना. त्या फाँटमध्ये पुष्कळ अक्षरं सुटी नाहीत. अर्धा 'ख' आणि पुढे काना मिळून 'ख' होतो, 'खा'साठी दोन काने. म्हणजे आधी लांब जोड्या बदलायच्या, मग छोट्या. क्रम चुकला की सगळ्या 'ख'चे 'ख्ा' होतात.

दुसरी वेलांटी. डोळ्याला पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, म्हणून जुन्या फाँटमध्ये ती आधीच टाइप करायची. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षराच्या नंतर साठवली जाते. तेव्हा प्रत्येक वेलांटी उचलून पुढच्या अक्षरापलीकडे नेली. चालवून बघितलं: 'किती' बरोबर, 'दिवस' बरोबर, आणि 'स्थिती'चं झालं 'सि्थती'. वेलांटी अर्ध्या 'स'पाशीच अडकली होती. वर्तमानपत्रांच्या जुन्या वेबपानांवर असले शब्द किती वेळा पाहिलेत, ते कसे जन्माला येतात ते आज समजलं. जोडाक्षर संपेपर्यंत वेलांटी पुढे न्यायची, असा नियम घातल्यावर सुटलं. रफाराचं नेमकं उलट. 'मार्ग'मधला रफार डोक्यावर, शेवटी दिसतो म्हणून जुन्या फाँटमध्ये 'ग'नंतर, पण उच्चारात आधी येतो म्हणून युनिकोडमध्ये 'ग'च्या आधी.

रात्री अकराला १४ फाइल चालवल्या. सेकंदही लागला नाही. 'शाळा' शोधलं: ९६.

मूळ फाइल जशाच्या तशा वेगळ्या ठेवल्या आहेत, त्याच फोल्डरमध्ये तो फाँटही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

'दुसऱ्या' हा शब्द शोधला तर ४१ ठिकाणी सापडला. पण समोरच्या पानावर तीन वेळा दिसत होता आणि शोधात एकच रंगला. अक्षरं हुबेहूब सारखी. पायथनला सांगून दोन्ही शब्दांचे क्रमांक छापले, तेव्हा दिसलं. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, युनिकोड क्रमांक ०९३१, आणि पुढे हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त, आणि मध्ये एक न दिसणारं चिन्ह, ज्याला शून्य रुंदीचा जोडक म्हणतात. दोन्हींनी अर्धचंद्री रकार सारखाच उमटतो, पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने हे दोन वेगळे शब्द आहेत. माझ्या तक्त्यातल्या काही ओळी मी एका कळफलकाने टाइप केल्या होत्या, काही दुसऱ्याने.

सगळीकडे ऱ केलं. आता 'दुसऱ्या' १४३ ठिकाणी.

हाच घोळ ॲ चा. 'ॲ' हे सबंध अक्षर २००८ मध्ये युनिकोड ५.१ सोबत आलं. त्याआधी आणि अजूनही बरेच जण अ वर चंद्र देऊन लिहितात. तेही एकसारखं केलं. मराठीत शोध लागत नाही अशी तक्रार असेल तिथे आधी ही दोन अक्षरं तपासावीत.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आईने स्क्रीनवर वाचलं, मी ऐकत मूळ पानाशी ताडत बसले. चार तासांत ३१ पानं. सहा चुका निघाल्या आणि सहाही तक्त्यातल्या दोन ओळींच्या. एका ठिकाणी मी म्हटलं, "हा शब्द चुकलाय." ती म्हणाली, "चुकला नाही. ते तसंच म्हणायचे." तो तसाच ठेवला.

तयार झालेलं पुस्तक ओडीटीत साठवलं आणि पीडीएफ काढताना 'हायब्रिड पीडीएफ' हा पर्याय निवडला. त्यात पीडीएफच्या पोटात मूळ ओडीटीही राहते. नातेवाइकांना एकच फाइल पाठवायची. वाचणाऱ्याला पीडीएफ दिसते, आणि लिब्रे ऑफिसमध्ये उघडली तर दुरुस्त करता येते.

रविवार, २३ नोव्हेंबर

बाबांच्या आठवणींची शेवटची नऊ पानं फक्त छापील आहेत, त्यांची फाइल सापडत नाही. स्कॅनरसोबतचा प्रोग्रॅम ४०० एमबीचा आणि खातं उघडा म्हणतो. ड्रायव्हर तेवढा घेतला आणि स्कॅनिंगसाठी नॅप्स-टू. यात टेसरॅक्ट वापरून चित्रातली अक्षरं ओळखता येतात. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८५ च्या सुमारास सुरू झालेलं हे काम २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं आणि मराठीची वेगळी फाइल त्यात मिळते. ३०० डीपीआयवर स्कॅन केलं. बहुतेक बरोबर आलं, चुका ठरावीक: घ चा ध, भ चा म, ष चा प. 'धरात' दिसलं की 'घरात' करायचं. इथे आपोआप बदल करणं धोक्याचं, कारण 'धर' हाही शब्द आहे. नऊ पानं हाताने तपासली.

बुधवार, २६ नोव्हेंबर

घरातले जुने व्हिडिओ चार वेगवेगळ्या प्रकारांत आहेत, दोन विंडोजच्या प्लेअरमध्ये उघडेनात. व्हीएलसी टाकलं, चारही चालले. १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं काम, २००१ पासून खुलं. लागणारी सगळी कोडेक, म्हणजे व्हिडिओचे प्रकार उलगडणारे तुकडे, ते सोबतच आणतं, त्यामुळे वेगळे 'कोडेक पॅक' शोधत फिरावं लागत नाही.

फोटोसाठी गिंपचा मोह झाला. या मार्चमध्ये त्याची ३.० आवृत्ती आली आहे. पण मला फोटो कापायचे आणि फिरवायचे असतात, ते विंडोजच्या फोटो ॲपमध्ये होतं. टाकलं नाही.

टिपणवही: ३४० पैकी ३४०. जुन्या मशीनवरून ती काढून टाकली.

रविवार, ३० नोव्हेंबर

बॅकअप. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.

जुनी बाहेरची डिस्क वापरायची होती. डिस्कची तब्येत तपासणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोने तिच्यावर पिवळा शेरा मारला: सावधान. डिस्कने खराब झालेल्या जागा बदलून घेतल्याचा आकडा शून्यावर असायला हवा, तो वाढलेला. ती बाद, नवी डिस्क.

प्रोग्रॅम निवडला फ्रीफाइलसिंक, कारण तो फाइल जशाच्या तशा नकलतो. त्या डिस्कवरून परत घ्यायला फ्रीफाइलसिंक लागत नाही, कुठल्याही मशीनला जोडली की फाइल समोर. नक्कल झाल्यावर डिस्क काढून ठेवायची. सतत जोडलेली डिस्क घातक प्रोग्रॅमच्याही हाताला लागते.

मग परत घेऊन बघितलं. बॅकअपमधलं बाबांचं फोल्डर उघडलं, तर आत काहीच नाही. शून्य फाइल. मशीन पहिल्यांदा चालू करताना क्लाउड सेवेने 'डॉक्युमेंट्स' फोल्डर गुपचूप स्वतःच्या फोल्डरखाली हलवलं होतं, आणि मी बॅकअपला जुना पत्ता दिला होता. प्रोग्रॅमने रिकामं फोल्डर इमानेइतबारे नकललं आणि हिरवी खूण दाखवली. आज उघडून पाहिलं नसतं तर ही हिरवी खूण मी वर्षभर बघत बसले असते. क्लाउडमधली फोल्डरची जोडणी बंद केली, पत्ता दुरुस्त केला, पुन्हा नक्कल, पुन्हा उघडून पाहिलं. १४ मूळ फाइल, फाँट, पुस्तक, पीडीएफ. नंतर पासवर्डची फाइलही बॅकअपमधूनच उघडून बघितली.

दुसरी प्रत कुलूप लावून दादाकडे ठेवायची.

रविवार, ७ डिसेंबर

पाच आठवड्यांत दहा प्रोग्रॅम आणि स्कॅनरचा एक ड्रायव्हर. टास्क मॅनेजरमध्ये सुरुवातीला आपोआप चालू होणाऱ्यांत यातलं एकच आहे, एव्हरीथिंग.

विनगेटला यादी एक्स्पोर्ट करायला सांगितलं, एक छोटी फाइल मिळाली. ड्रायव्हर तिच्यात उतरत नाही, त्याचं नाव खाली हाताने लिहिलं. अपडेटचंही विनगेटच बघणार, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. सेव्हन-झिप स्वतः अपडेट होत नाही आणि २४.०९ च्या आधीच्या आवृत्त्यांतली त्रुटी या वर्षी जानेवारीत उघड झाली. जुन्या मशीनवर माझ्याकडे २०१९ ची आवृत्ती होती.

दुपारी डिस्क आणि यादी घेऊन दादाकडे गेले. त्याच्या मशीनवर यादी इम्पोर्ट केली, चहा होईपर्यंत सगळं बसलं. लिब्रे ऑफिसमध्ये मराठी चालू केली, बाबांचं पुस्तक उघडलं, आणि शोधात 'दुसऱ्या' लिहिलं.

१४३.

"हे कशाला शोधतेस?" दादाने विचारलं. मी त्याला सांगत होते तोवर तो तिसऱ्या पानावर पोहोचला होता.